पाच घड्यांचा गंधार

— तर उठू नका मास्तर, बसा! टांगा थांबतोय, पुण्याची गाडी यायला अजून वेळ हाय. ‘गंधार उतरलेला’ — हेच लिवलंत ना राजमहंमदच्या मेहमुदाच्या कागदावर? तीन वर्सं रोज सकाळी माझ्याकडं शिकाय येती पोर, आन् पुण्याच्या गायनवर्गातली तिची जागा तुमी ह्या एका सुरावर घालवली! उतरलेला, तो कशाच्या मानानं? तुमच्या पेटीच्या. व्हय ना? मग पेटीला कोण तपासणार?

हा दोरा धरा. धरा हो, शिवणाचाच हाय, चावत न्हाई. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेएवढाच कापलाय. आता घड्या मोजा — दोन केल्या, तेवढ्यावर तारेला बोट लावलं — नुसतं टेकवायचं, दाबायचं न्हाई — काय वाजलं? वरचा सा. तीन घड्या — पंचम. चार — परत सा, आणखी वरचा. आन् पाच... ऐका! गंधार. मी घातला का तारेत? न्हाई, तिच्या पोटातलाच हाय. आता तुमच्या पेटीचा वरचा गंधार दाबा की त्याच्याजोडीला — बघा कसे भांडतात दोघं! पेटीचा चढा हाय मास्तर, पोरीचा उतरलेला न्हाई.

मला कुणी शिकवलं? कुणी न्हाई. गुरू न्हाई, वही न्हाई. ह्या तारेशीच डोकं लावलं आठ वर्सं. का? तर घरातलं गाणं बंद पडलं होतं म्हणून. माझी लेक सरू — जाऊ द्या. न्हाई, ऐकाच. अशीच पेटी मीच आणली हो, हौसेनं. सरूचा गंधार काही त्या पेटीशी मिळंना. मी म्हणायची चढव, आणखी चढव — नऊ वर्सांच्या पोरीच्या हातावर छडी मारली मी! गाणंच सोडलं तिनं. पुढं ह्या दोऱ्याच्या पाच घड्यांवर बोट टेकवलं, तर तिचाच सूर वाजला. तशीच उठून इंदुरीला गेले तिच्या सासरी, सांगाय, की बाई, तुझंच बरोबर होतं. ती म्हणाली, ‘आई, भाकरी खाऊन जा.’ बस, एवढंच.

आन् हे काय? लगेच पेन काढलंत? ठेवा ते खाली! असं तोंड पाडून लिवायचं न्हाई. म्हातारीची कीव आली म्हणून मेहमुदा पास — असला कागद चुलीत घालीन मी! तार परत छेडते. गंधार कानावर आला तर लिवा, न्हाई आला तर टांगा दारात हाय, निघा.

पेटीवरचा हात काढा आधी.

गप. आता गप.