पंचमाची तार

चौसष्ट साली मिरजेत कानाच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. शेजारी तंबोऱ्याच्या तारा जुळवणारे आकाराम आणि त्यांची बायको.

“ह्यो सा. आता प म्हनते. किती वर गेला?”

“गेलाच न्हाई. दोनी एकाच जागी हायती.”

“पुन्ना ऐका.”

“ऱ्हाऊ दे. बोलनं कळतंय, सुरातलं अंतर कळत न्हाई. तरी दिवाळीपासनं तीन तंबोरं दिलं, एकबी माघारी आला न्हाई. हाताला सवय हाय.”

“तुमी नदीवर गेला की मी जुळवत हुते.”

“तिन्ही?”

“व्हय. तुमीच शिकवलंय की.”

“आन् काल दिवसभर मी जुळवला, त्यो चौथा?”

“त्यो घरी गेल्यावर जुळवते.”