खिडकीपाशी आल्यावर

आडनाव बदलण्याच्या खिडकीसमोर माझ्या पुढे एक नर्स आणि तिचे वडील उभे होते. तिच्या अंगावर अजून रात्रपाळीचा गणवेश होता.

"बाबा, बाकावर बसा ना."

"एकदा बसलो की उठवत नाही. जावईबापू का नाही आले?"

"रजा मिळत नाही म्हणाले."

"आणि तुला मिळते?"

"मला कुठली? ड्युटी संपवून तशीच आलेय. मागच्या खेपेला साहेब जागेवर नव्हते, त्याआधी लग्नाच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट निघाला."

"मग राहू दे की. आडनाव काय पळून चाललंय?"

"घरात रोज तोच विषय असतो, बाबा. सासूबाई तोंडानं काही बोलत नाहीत, पण दारावरची पाटी पुसताना माझ्याकडे बघतात. रोजची कटकट नको म्हणून आले."

"कटकट राहू दे बाजूला. तुझ्या मनात आहे का?"

"तुम्हाला वाईट वाटतंय का?"

"मला कशाला वाटेल? मी तुला जन्मात आडनावानं हाक मारलेली नाही. तुझ्या मनात आहे का, एवढंच विचारतोय."

"हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

"मी विचारतोय ना."

"नाही, बाबा. नाही मनात."

"ताई, पुढे या. अर्ज द्या," खिडकीतला कारकून म्हणाला.

"राहू दे, साहेब. या मागच्यांचं घ्या आधी. चला बाबा, मला झोप हवीय."

"रिक्षा कुठं सांगू? सासरी?"

"तुमच्याकडे सांगा. उठल्यावर सासरी मी स्वतः बोलेन."