अगदी तशीच मोटर

काय हवा आहे ही आजची, ताई — ऊन नाही, वारा नाही, पाऊस म्हणावा तर तोही धड नाही, नुसतं आभाळ खाली येऊन बसलंय आणि अंगाला सगळं चिकटतंय, ओलं पोतं पांघरल्यासारखं. अशा दिवशी आम्ही मोटर भरायला घ्यायचोच नाही. तारेला ओल धरते, वार्निश बसत नाही, आणि महिनाभरात गिऱ्हाईक मोटर खांद्यावर टाकून परत दारात हजर. — नाही, पाणी नको. तुमचा जिना तेवढा उभा आहे, बाकी काही नाही. हो, बघितल्या. तुम्ही आत गेलात तेवढ्यात या खेळण्यातल्या गाडीच्या तिन्ही मोटरा बघून झाल्या माझ्या. आणि राग मानू नका, पण शिसारी आली.

शिसारीच. ही पहिली घ्या हातात — घ्या ना, तुमचीच आहे. काही लागतंय हाताला? रिकाम्या डबीसारखी. मोटर उचलली की वजनच सांगतं आत तांबं किती घातलंय. चाळीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही — पंपाच्या मोटरा, गिरणीच्या, पंख्याच्या, जळलेली तार उपसायची आणि नवी भरायची. लोक मला वाइंडर म्हणूनच हाक मारतात, खरं नाव आता मलाही आठवावं लागतं. तर ही पहिली — शाफ्ट हलवून बघा. हलतोय? म्हाताऱ्याच्या दातासारखा हलतोय, नव्याकोऱ्या मोटरीचा! आणि वर स्टिकरवर आकडे केवढाले. मी शाळेत गेलेलो नाही, अक्षर मला लागत नाही, पण आकडा लागतो. हा आकडा खरा असता ना, तर या मोटरीनं तुमची ही काचेची कपाटं ओढत जिन्यावरून खाली नेली असती. खोटं बोलायचं तर निदान पटेल इतपत बोलावं माणसानं. आणि ही सोनेरी — हिला भोकं काय, खाचा काय, चकाकी काय, पण स्क्रूच्या जागी डिंक! उघडायची सोयच नाही. म्हणजे बिघडली की फेका. मोटर म्हणजे काय केळ्याचं साल आहे? — तिसरीला मी नावं ठेवत नाही. जड आहे, बेअरिंगचे छर्रे गुळगुळीत, तारांची टोकं स्वच्छ. पण तिची किंमत तुम्ही मघाशी सांगितलीत आणि मी ऐकलं नाही असं दाखवलं. मला परवडेल अशी हवी, आणि परवडणारी बघावी तर अशी घाण. हा असला बाजार झालाय.

आणि ते केव्ही केव्ही तुम्ही म्हणता ना — पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो होतो. आमच्याकडे केव्ही म्हणजे हाय टेन्शनची लाईन, हात लागला की माणसाचा कोळसा. मग कळलं, तुमच्यात एका व्होल्टला मोटर किती फेरे घेते त्याला म्हणतात. म्हणजे आत वेढे कमी तर फेरे जास्त. असं सरळ सांगा की, ते तर मला झोपेतही कळतं.

मला या तिन्ही नकोत. थांबा, रुमालात आहे. — ही. ही अशी हवी. असाच निळा डबा, असाच स्टिकर, कडेला असाच पांढरा पट्टा. अगदी तशीच. आहे? — येत नाही आता? बंद केली? वर्ष झालं नाही घेऊन आणि बंद! — काळी. हं. तेच माप, तेवढेच फेरे, कंपनी तीच, वर स्वस्त. ऐकलं मी, ऐकू येतं मला. वजनाला बरी आहे… शाफ्ट घट्ट आहे… हो, वाईट नाही, खरंच वाईट नाही. पण काळी आहे ना. — अहो, गाडीवर झाकण असतं ते मलाही माहीत आहे. पण तो रोज झाकण काढतो. रोज. कापडानं पुसतो, परत लावतो. काळी दिसली की विचारणार नाही का?

कोण म्हणजे — ड्रायव्हर. माझा शेजारी. भिंतीला भिंत आहे आमची. एकतीस वर्षं बस चालवली त्यानं, आणि दोन वर्षांमागं झटका आला, उजवी बाजू गेली. बोलतो, पण एकेक शब्द ओझं उतरवल्यासारखा. खुर्चीत असतो. त्याच्या बायकोनं, वहिनींनी, तुमच्याकडून ती गाडी नेली — मला तर तेव्हा हसू आलं होतं, म्हटलं साठी उलटलेल्या माणसाला खेळणं? पण ताई, त्यानं एकदा ती गाडी चालवली आणि त्याचा चेहरा सरळ झाला हो. रिमोटचं चाक उजव्या हाताला असतं, ते मी काढून डावीकडे बसवून दिलं, म्हणजे एका हातात गॅस, ब्रेक, वळण सगळं. आमच्या मागं बंद गोदामाचं फरशीचं अंगण आहे, तिथं दर रविवारी सकाळी सहा-सात जण गाड्या घेऊन येतात. त्यात हा एकटा असा, की वळण घेण्याआधी मान वर करून बघतो — बसचा आरसा जिथं असायचा तिथं. हवेत. मग वळतो. कुणी हसत नाही.

आता तीन रविवार तो खिडकीशी बसून राहिलाय. गाडी मांडीवर, आत मोटर नाही.

म्हणून म्हणतो, तशीच द्या. जुनी, वापरलेली, कुणाची पडलेली असेल तरी चालेल. मी रात्रीत बसवतो आणि सांगतो, घे, झाली दुरुस्त. — का म्हणजे? दुरुस्तीला माझ्याकडेच दिली होती ना त्यानं. विश्वासानं. — नाही झाली. नाही होणार ती आता. ठेवा ती खाली, ताई. त्या खिळ्याजवळ कशाला नेताय? — बघितलंत ना. धरत नाही. खिळा ओढून घेत नाही.

जाऊ द्या. माल हलका होता, झालं. कंपनीनंच फसवलं असेल. मी ड्रायव्हरला तसंच सांगितलं, की बाबा, या दुकानवाल्या नुसती चकाकी विकतात, आत काही नसतं — तुमचं नाव नाही घेतलं मी, असंच आपलं, बोलण्याच्या ओघात…

काय? तुम्हाला? त्यानं फोन केला तुम्हाला?

तो नाही करणार. तो शिवी देत नाही हो, भरल्या रस्त्यात कुणी आडवा आला तरी त्यानं कधी — चोर म्हणाला? तुम्हाला? आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, फोनचा आवाज मोठा… अरे देवा. एवढे शब्द एका दमात कसे बोलला असेल तो? — म्हणजे रविवारची ती माणसं येतच नाहीत इकडे? एकही? ती तर टायर, बॅटऱ्या, सगळं तुमच्याकडूनच न्यायची. त्यानंच सांगितलं असणार. अंगणात त्याचा शब्द चालतो. — आणि तुम्ही त्याला म्हणालात की मोटर आणून द्या, बदलून देते? असं म्हणालात? मग त्यानं का नाही… हो. मोटर माझ्याकडे होती. मीच म्हटलं होतं, राहू दे माझ्याकडे, बघतो अजून काही जमतं का. तुमच्यासारख्या कुणी उघडली असती तर कळलं असतं ना.

स्टूल जरा पुढं घेतो. पंख्याचा आवाज फार आहे.

मी भाजली ती मोटर, ताई. गाडी पाण्याच्या डबक्यातून गेली होती, मोटर अडखळायला लागली, एवढंच. सुकवून एक छर्रा बदलला असता तर पळाली असती, आता कळतंय. मी उघडली — छोट्या मोटरीत आत वीज नेणारे कार्बन असतात, ते शोधतोय, तर कार्बनच नाहीत! तीन तारा नुसत्या. ही जातच मी कधी उघडलेली नव्हती. तिथंच म्हणायला हवं होतं, ड्रायव्हर, हे माझं काम नाही. पण तो समोर बसला होता आणि वहिनींना सांगत होता, वाइंडर आहे ना, आता काळजी नाही. मग मी आमच्या रीतीनं केलं. धुतली, वार्निशमध्ये बुडवली आणि शेडमधल्या भट्टीत ठेवली. चांगली कडक, चार तास. आणि रोटरलाही, आतल्या फिरत्या भागाला, ओल लागली होती म्हणून तोही शेजारी ठेवला. पंपाच्या मोटरीत रोटर म्हणजे लोखंडाचा गोळा हो, कितीही तापवा, त्याचं काय जातंय? मला कुठं माहीत, याच्यात सगळा जीव त्या रोटरच्या लोहचुंबकात असतो, आणि तो उष्णतेनं मरतो. सकाळी बाहेर काढली तर दिसायला इतकी सुंदर, वार्निश आरशासारखं. जोडली. नुसती थरथरली. माणूस थंडीनं थरथरतो तशी. मग मीही खिळा जवळ नेला, तुम्ही नेलात तसाच.

त्या क्षणी भिंतीवर टकटक केली असती तरी तो म्हणाला असता, असू दे रे. मोटरच ती. पण चाळीस वर्षांत माझ्या हातून जळलेली मोटर चालू होऊन गेली आहे, चालू मोटर मरून गेलेली नाही. तोंडातून निघेना. आणि जे निघालं ते हे — माल हलका आहे. किती सोपं निघालं हो! थुंकल्यासारखं. आणि ते इथं तुमच्या तोंडावर येऊन पडलं, मला पत्ता नाही. आणि मी इथं बसून मघापासून स्टिकर खोटा, डिंक खोटा, बाजार घाण… किळस येते मला. मोटरींची नाही.

आणि आज आलो ते तरी कशाला? निळी आत घालून पुन्हा हुशार ठरायला. तुम्ही चोरच राहिला असतात आणि मी देवमाणूस.

ती काळी द्या. हो, काळीच. बांधू नका, अशीच हातात नेतो, दिसू दे. आणि ताई, त्याचा नंबर असेल तुमच्याकडे, त्या दिवशीचा — लावा. नाही, आत्ताच. घरी गेलो की भिंत मध्ये येते, मग मला दुसरं काही तरी सुचेल, मी ओळखतो मला. लावा तुम्ही.

वाजतोय? द्या इकडे. — हॅलो. मी वाइंडर. दुकानातून बोलतोय, तुझ्या गाडीच्या दुकानातून. ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी थांबेन. मोटर चांगली होती. मी भट्टीत भाजली, रोटरसकट. या ताईंनी काही फसवलं नव्हतं. मी खोटं बोललो तुझ्याशी. — हॅलो? आहेस का? — वहिनी आहेत वाटतं जवळ, त्यांना काही तरी… — हो. हो रे, इथंच आहेत, माझ्या समोर. — घ्या, ताई. घ्या ना, तुम्हालाच द्यायला सांगतोय. मला एवढंच म्हणाला, "तू बाजूला हो. फोन त्या ताईंना दे."