दोन टक्क्यांची साय

– नाही काका, ते कार्ड ठेवा खिशात. मशीन? हो, दिसतंय ना, मलाही दिसतंय. त्या बटर पेपरच्या गठ्ठ्यावर ठेवलंय तेच. पंख्यानं कागद उडतात, म्हणून ठेवलंय वर. चांगलं जड आहे. बिघडलेलं नाही हो, मी बंद केलंय. रोख द्या की. नाही? तिकिटाला होती तेवढी संपली? कमाल आहे. धोतर, टोपी, कपाळाला विभूती, सकाळी सकाळी एसटीतून उतरलेला माणूस – आणि खिशात काय, तर क्रेडिट कार्ड! मुलानं दिलंय? 'बाबा, रोख बाळगू नका, कार्ड घासा, पॉइंट मिळतात' – असंच म्हणाला असेल. मग ते पॉइंट कुणाच्या खिशातून मिळतात ते विचारलंत का त्याला? विचारा घरी गेल्यावर. माझ्या खिशातून. तुम्ही आत्ता खाल्लेल्या त्या रबडीतून.

समजावून सांगते, बसा. कार्ड इथं घासलं की शंभरातले दोन रुपये मशीनवाले कापून घेतात. वर मशीनचं भाडं वेगळं, त्या भाड्यावर कर वेगळा. म्हणजे दूध आम्ही आणायचं, जाळ आम्ही घालायचा, पहाटेपासून कढईपुढं आम्ही शेकायचं – आणि साय कुणी खायची? त्या डब्यानं. नुसतं टुंई करून. आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, सही केली होती, मशीन फुकट आहे म्हणून. फुकट म्हटलं की आमच्या आप्पांचा हात आपोआप पेनाकडं जातो. मी तेव्हा बीडला होते, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत आले, हिशेब बघितला आणि म्हटलं आप्पा, ह्या मांजरसुंब्याच्या चौकात सगळ्यात जास्त रबडी खाणारं गिऱ्हाईक कोण माहितीय का? हे मशीन. आणि बिल एकदाही देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग भिंतीवर स्टिकर का नाही, मोबाईलनं स्कॅन करायचा. होता. बघा, तिथं चौकोन अजून दिसतोय, तेवढाच रंग उजळ आहे. गेल्या पावसाळ्यात कुणी एक गाडीवाला आला, दोन डबे घेतले, स्कॅन करून गेला. त्याचे पैसे कुठल्यातरी फसवणुकीतले निघाले आणि आमचं अख्खं खातं गोठवलं. आप्पा रोज बँकेत, बाकड्यावर. कुणी विचारलं की म्हणायचे, 'म्या फक्त रबडी विकली बाबा.' खातं सुटलं, पण त्याच दिवशी घरी येऊन त्यांनी चाकूनं तो स्टिकर खरवडला. म्हणून मी हे आणलं – डिजिटल रुपया. कॉइनबिइन नाही हो, ती थेरं वेगळी. हा आपल्या रिझर्व्ह बँकेचाच रुपया, फक्त कागद नाही. तुमच्या फोनमधल्या पाकिटातून निघाला की माझ्या फोनमधल्या पाकिटात. मधे कुणी हात मारायला बसलेलं नाही.

आणा फोन. घ्या, खातं आहे ना बँकेत? त्याच बँकेचं डिजिटल रुपयाचं ॲप इथं शोधायचं. हे दाबा. आता ते सिमची खात्री करून घेतंय, ते गोल फिरतंय ना, फिरू द्या. आपल्या चौकात नेटवर्क जरा मंदच चालतं, डोंगर आडवा येतो. तोवर पाणी घ्या.

आप्पांना पटवायला किती दिवस गेले विचारू नका. 'शिवे, रुपया हाय म्हन्तीस तर दिसंना कावून?' झालं सुरू. 'जो रुपया वाजत न्हाई त्याला रुपया कावून म्हनायचं?' मी म्हटलं, नोट तरी कुठं वाजते आप्पा? तर म्हणे, नोटेला वास तरी हाय. आता काय बोलायचं? ही म्हातारी माणसं ना – तुम्हाला नाही म्हणत – हो, म्हणजे तुम्हालाच म्हणते, वाईट वाटून घेऊ नका – देवाला न बघता हात जोडतात, आणि रुपया मात्र दिसलाच पाहिजे! शेवटी तह झाला. दिवसभर माझा रुपया चालेल, पण भवानी रोखीची. पहिलं गिऱ्हाईक हातात पैसे देणार, आप्पा ते कपाळाला लावणार, मन्मथस्वामींच्या फोटोपुढं ठेवणार, मग दुकान सुरू. पहिल्या गिऱ्हाइकाकडं रोख नसली तर माणूस रबडी फुकट देईल, पण भवानी बिनवाजती करणार नाही. एकदा एका पोलिसाला फुकट दिली. दुसऱ्या दिवसापासून तो रोज पहिला येऊन उभा!

हो, मग. आज भवानी तुमचीच आहे. म्हणून तर म्हणते बसा. आप्पा सोमवारचे कपिलधारला जातात, दर्शनाला, दुपारपर्यंत येत नाहीत. आज गल्ल्यावर मी. आज बघतेच, बिनकागदाची भवानी केल्यावर आभाळ कोसळतं का.

घ्या, फिरायचं थांबलं. आता तुमचा पिन घाला. माझ्याकडं बघून नका घालू, तिकडं वळून घाला. दुसऱ्यांदा तोच. तोच हो काका, वेगळा नाही. हां. आता बँकेतून ह्या पाकिटात पैसे घ्यायचेत. परत फिरतंय? फिरू द्या.

काय म्हणालात? भाऊ? भाऊ नाही, मी एकटीच. चुलते एक, ते सोलापूरला. शेती आहे थोडी, वाट्यानं दिलीय. आई नाही. तुम्ही जनगणनेवर आहात का? मघाशी आत येताना 'शरणार्थ' म्हणालात तेव्हाच ओळखलं आपल्यातले, लिंगायत म्हणून, पण आपल्यातली माणसं चौकश्या लई करतात. लग्न? हं. तोही प्रश्न आलाच, जरा उशिरा आला. नाही झालं. पण सांगते, उद्या मला बघायला येतायत. हो, उद्याच! औशाचे हालगे म्हणून कुणी आहेत. महादेवी आत्यानं आणलंय स्थळ. आत्याचा हुकूम – 'उद्या तोंड उघडू नगस. बी.कॉम. झालंय म्हन, पर गल्ल्यावर बसती म्हनू नगस. पोरीच्या जातीनं गल्ल्यावर बसलेलं लोकांना खपत न्हाई.' आणि कांदेपोहे मी केले असं सांगायचं. करणार आत्या. म्हणजे रबडी करते ती लपवायची आणि पोहे करत नाही ते सांगायचे. ह्याला म्हणतात मोठ्यांचा विचार.

आणि मुलगा काय करतो माहितीय? ऐका, मजा आहे. पुण्यात असतो, मोठ्या कंपनीत – आत्या 'मोठ्या' म्हणताना हात असे पसरते. मी विचारलं, काम काय? तर कार्डाच्या मशीन बसवतो. दुकानोदुकानी फिरून! जास्त मशीन बसवल्या की बक्षीस. मी म्हटलं आत्या, शंभरातले दोन कापतं म्हणून जे मशीन मी बंद केलं, ते बसवणाऱ्याला तुम्ही पोरगी शंभरच्या शंभर टक्के देताय, वर मानपान तुम्हीच करताय? निदान लग्नात तरी दोन टक्के आमचे ठेवा, कान नाहीतर करंगळी – अहो, ठसका लागला का? पाणी घ्या, पाणी. हळू. रबडी तर कधीच संपली, आता कशाचा ठसका?

नाही हो, फोटो बघितलाय. दिसायला ठीक आहे. चष्मा आहे. रागवायला सुद्धा येत नसेल असा चेहरा आहे बिचाऱ्याचा. पण मी ठरवलंय, उद्या पाहुणे बसले की पहिलं वाक्य मीच बोलणार – तुमचा मुलगा महिन्याला किती दुकानांची साय खातो? मग बघू आत्या कुठं तोंड लपवते. पाहुणे चहा न घेताच उठतील. उठू देत. आधीही दोघं उठलेत. एकाला मी विचारलं होतं, तुम्ही मला बघायला आलात की पोह्यांना, आणि दुसऱ्याला – ते जाऊ द्या.

रागीट नाही मी, काका. म्हणजे आहे, पण स्थळं मोडते ती रागापायी नाही. तुम्हाला काय वाटतं, एका मशीनपायी कुणी स्थळ मोडतं? मशीन काय, उद्या तो सोडेल ती नोकरी, दुसरी धरेल. मशीन हे आपलं सांगायला बरं असतं. हसण्यावारी जातं. तुम्ही बाहेरचा बोर्ड वाचला का? 'केदारनाथ आप्पांच्या हातची रबडी.' लोक बीडहून, अंबाजोगाईहून गाडी थांबवून खातात त्या हातासाठी. कढईत दूध उकळायला लागलं की वरची साय हलक्या हातानं उचलून कडेला लावायची असते, पापडासारखी, न मोडता. थर धरला की मग खरवडायचं. हात जरा हलला की साय मोडून दुधात, मग ती रबडी नाही, बासुंदी झाली. आणि आप्पांचा हात... गेल्या उन्हाळ्यापासून हलतो. थोडा नाही हो, चांगलाच. चहाची बशी वाजते. डॉक्टर म्हणतात गोळ्या चालू ठेवा, थांबेल असं नाही. तुम्ही मघाशी दोनदा मागून घेतली, म्हणालात आप्पांच्या हाताला चव आहे – ती मी केली होती. वर्ष झालं, रोज मीच करते. पहाटे शटर अर्धं खाली ठेवून. आप्पा शेजारी स्टुलावर बसतात, हात मांडीखाली दाबून, आणि नुसतं म्हणतात, 'आता उचल. आता.' आत्याला माहीत नाही. चौकात कुणाला नाही. त्यांना वाटतं मी गल्ल्यावर बसते ते फॅशन म्हणून.

आणि ते स्वतःच मला उजवायला निघालेत! 'माझ्यापायी तू कावून अडकायचं,' म्हणे. मी कुठं अडकलेय? विचारलं का मला कुणी? मी गेले तर बोर्ड उतरवावा लागेल, एवढं साधं आहे. अन् माणूस पहाटे उठून, हात मांडीखाली घेऊन, कुणाला म्हणणार 'आता उचल'?

मी हे कशाला सांगत बसले तुम्हाला. नेटवर्कचा दोष आहे. लगेच झालं असतं तर तुम्ही कधीच गाडीत बसला असता.

झालं बघा! पाकिटात आले. आता माझा हा चौकोन स्कॅन करा. फोन सरळ धरा, दोन्ही हातांनी. रक्कम घाला. पिन. दाबा. टिंग! आली. बघा काका, पै कापली नाही कुणी, जेवढी दिलीत तेवढीच. आणि देणाऱ्याचं नाव पण येतं, थांबा, वाचून दाखवते. सिद्धेश्वर... महादप्पा...

हालगे.

...

औशाचे का.

...

बसा. नाही, उठलात तर उठा. पण टोपी राहिली, ती घ्या. एक दिवस आधी गुपचूप पोरगी बघायला आलात, चुलते विचारलेत, शेती विचारलीत, दोन वाट्या रबडी खाल्लीत, कान-करंगळीपर्यंत ऐकून घेतलंत, आपण कोण ते सांगितलं नाहीत – आणि शेवटी स्वतःच्या हातानं नाव देऊन बसलात! चोरून यायचं तर खिशात रोख घेऊन यावं हो काका. नोट काही बोलली नसती. मुलाचं ऐकून फसलात.

मी शब्द मागे घेणार नाही. दोन टक्के ते दोन टक्केच. घरी जाऊन सगळं सांगा – पोरगी तोंडाळ आहे, गल्ल्यावर बसते, पोहे तिनं केलेले नसणार, सगळं. मुलाला पण सांगा, साय खातो म्हणाली. उद्या यायचं तर या, नाहीतर आत्याला एक फोन करा, मी बघते आत्याचं काय करायचं ते. फक्त हाताचं... हाताचं तेवढं बोलू नका. कुणाजवळ. तुम्ही आलात तर आप्पा स्वतः उठून पाणी देतील, ऐकणार नाहीत ते कुणाचं. पेला वाजेल. तिकडं बघू नका. एवढंच.

काय बघताय? काही नाही, फोन कपाळाला नाही लावला मी. घाम पुसत होते.

कपिलधारला निघालात ना? ती बघा जीप भरत आलीय. आप्पा पायरीपाशीच बसलेले असतील. ओळख दाखवू नका, आणि चौकातून आलात म्हणून त्यांनी दुकानाचं विचारलंच तर भवानी रोखीची झाली म्हणा. जा आता, उभे नका राहू इथं, गिऱ्हाइकाला वाट द्या. – या मामा, काय देऊ? नाही, ते कार्ड ठेवा खिशात.