ललित नावाचा दुसरा माणूस

रांधा गावाची बस येता येत नव्हती. सिल्वासाच्या स्टँडवर कुसुमबाई मास्तरीण तिसऱ्यांदा उठल्या आणि रस्त्याकडे पाहून पुन्हा बाकावर टेकल्या. शेजारी दोन खानदेशी भाऊ बोलत होते. धाकटा कालच गावाहून कामाच्या शोधात आलेला, थोरला इथल्या सुताच्या फॅक्टरीतला जुना कामगार.

“दादा, गेटवरचा म्हणे, ललित दगडू पाटील तर आत मशिनीवर आहे. मग मी कोण?”

“हळू बोल ना भो!”

“हळू काय? दाखला दाखवला तर हसला. म्हणे, दुसरं नाव घेऊन ये.”

“अरे, सहा महिने भरले की ठेकेदार ब्रेक देतो. पक्कं करावं लागू नये म्हणून. होळीला मला दिला. म्हणे, घरी बस, नाहीतर दुसऱ्या नावानं ये.”

“आणि तू माझं दिलं?”

“घाईत दुसरं कोणाचं आठवणार होतं मला?”

“आत तुला ललित म्हणून हाक मारतात?”

“हो.”

“ओ देतो तू?”

“आता देतो. आधी मागं वळून पाहायचो, तू आला का म्हणून.”

“मग तुझं नाव मोकळंच पडलंय ना? हिरामण म्हणून मी जातो.”

“जा. पण आईला पत्र टाकशील ना, तेव्हा खाली ललितच लिही. फार हौसेनं ठेवलंय तिनं.”