शांताक्कानं ओढलेली दोरी

तुम्ही आज ज्याला लीन-बिन म्हणता, ते आमच्या बंगळूरच्या पंपांच्या कारखान्यात पंचाण्णव-शहाण्णवलाच आलं होतं. चूक दिसली की डोक्यावरची दोरी ओढून लाइन थांबवायची, म्हणजे खराब माल पुढं जाऊन वाया जात नाही. पण लाइन थांबली की सुपरवायझरची नाचक्की, आणि सुपरवायझर मी. त्यामुळं तीन महिने दोरीला कुणी हात लावला नव्हता.

मोठी ऑर्डर देणारे पाहुणे कारखाना बघायला आले आणि नेमकी तेव्हाच लाइन थांबली. दोरी लाइनवर पंप जोडणाऱ्या, बनशंकरी भागातल्या शांताक्काच्या हातात.

"काय झालं?" पाहुण्यांनी विचारलं.

"वॉशर उलटा बसलाय, सर. मागचे चार पंपही उघडून बघायला हवेत."

पाहुणे खूश. "एवढे कारखाने बघितले, पण आमच्यासमोर लाइन थांबवायची हिंमत कुणी केली नव्हती."

मी लगेच पुढं सरकलो. "मीच शिकवलंय तिला."

"स्वल्प थांबा, अण्णा," शांताक्का म्हणाली. "पाहुणे जाईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही, असं सकाळी तुम्हीच सांगितलंत की."

ऑर्डर मिळाली. पुढच्या महिन्यापासून माझ्या रजेच्या अर्जावर शांताक्काची सही लागायला लागली, आणि खरं सांगतो, ती आधीच लागायला हवी होती.