तिसऱ्या रविवारची हरकत

पाळकसाहेब, मीनाताई, मंडळीतल्या बंधूभगिनींनो, आणि जिनिंगमधून आज खाडा करून आलेल्या दादांनो, सगळ्यांना माझा सलाम. मागे दारापर्यंत लोक उभे आहेत. थोडं आत या, इथे पुढे सतरंजीवर जागा आहे.

मला बोलायची सवय नाही, असं मी म्हणणार नाही. कळंबात कुठलाही कार्यक्रम असला की माइक विजयच्याच हातात देतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आजही तयारीनंच आलो होतो. शांतवन काकांवर दोन कागद लिहून आणले होते. चांगले लिहिले होते. ते आता खिशातच राहू द्या.

परवा काकांच्या मातीनंतर मीनाताई मला म्हणाली, "विजूभाऊ, बाबा दवाखान्यात सांगून गेले. 'माह्या शोकसभेत बाकी कोणी बोलो न बोलो, विजयले बोलाय लावजो.' काहून म्हणाले असतील ते असं?" मी म्हणालो, जुनी ओळख आहे, म्हणून. मीनाताई, ते खरं नव्हतं. तुझे बाबा मला इथे काहून उभं करून गेले ते मला पक्कं माहीत आहे. ते सांगायलाच उभा आहे. शेवटपर्यंत ऐकून घ्या, मग जे म्हणायचं ते म्हणा.

काका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की माल बघून प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. बाकीचे वरून मूठभर कापूस उचलत. काका बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घालत, खालचा कापूस ओढून काढत, बोटांनी दाबून बघत. ओल कुठे आहे ते हाताला कळायचं. शेतकरी चिडायचे. एक जण एकदा म्हणाला, "वरून दिसते ना चांगला! हात कायले घालता?" काका म्हणाले, "वरून तर मी बी चांगला दिसतो, बापू." हसता ना? तोही हसला. पण काकांनी हात घातलाच.

आपल्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचं हेच चालायचं. कोणीतरी टाकलं, सोयाबीन पिवळं पडलं तर अमुक फवारा, दोन दिवसांत हिरवं. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. काकांचा एकच प्रश्न: "कोणाच्या वावरात झालं? नाव सांगा, मी पाहून येतो." आणि माणूस खरंच लुना काढून जायचा! आपण त्यांची किती टिंगल केली. हरकतवाले काका म्हणायचो. ते नाव मीच ठेवलं होतं.

का ठेवलं होतं? आपल्याकडे लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत जाहीर सूचना वाचतात. इतर समाजातले पाहुणे आहेत, म्हणून सांगतो. अमुक मुलगा, तमुक मुलगी, यांच्या विवाहाला कोणाची रास्त हरकत असेल तर त्यानं आता सांगावं. आपल्या मंडळीत ती सूचना काका वाचायचे. दुसरीकडे वाचणारा थांबत नाही, घडाघडा वाचून पुढच्या घोषणेवर जातो. काका चष्मा काढायचे, सगळ्यांकडे बघायचे आणि थांबायचे. इतके थांबायचे की नवरदेवाला घाम फुटायचा.

मी एकदा विचारलं, "काका, इतकं कायले थांबता? कोणी उठत तर नाही." ते म्हणाले, "उठाले वेळ लागते रे. आपल्या प्रभूले मारलं ते खोट्या साक्षीनं. साक्ष देणारे गर्दीत होते, नाव कोणाचंच पुढं नाही. म्हणून मले ज्याले बोलायचं आहे तो उभा दिसला पाह्यजे." मी तेव्हा मान हलवली. मला वाटलं मला समजलं.

आता करुणाचं सांगतो. करुणा, तू समोरच बसली आहेस, मुलीला घेऊन. तुझी माफी मागण्याआधी तुझं नाव घेतोय, राग धरू नको.

चार वर्षं झाली. करुणा महागावला नर्स होती. मारेगावच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. दुसरी सूचना वाचून झाली, आणि मंगळवारी संध्याकाळी माझ्या फोनवर एक फोटो फिरत फिरत आला. करुणा, गळ्यात हार. शेजारी एक पुरुष, त्याच्याही गळ्यात हार. पुरुष म्हणजे रफिकभाई, तिच्याच दवाखान्यातले अँब्युलन्सचे ड्रायव्हर. खाली लिहिलेलं, "हिचं लग्न झालेलं आहे का?"

प्रश्न होता, मित्रांनो. पाठवणाऱ्यानं नुसता प्रश्न विचारला होता.

या गोष्टीचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तो फोटो ग्रुपवर आला. तो कोणी टाकला हे मात्र तुम्हाला माहीत नाही, कारण तो एका नव्या नंबरवरून आला होता. वर एक ओळ होती: "खात्रीची बातमी. कोर्टात नोंद झालेली आहे. मुलाकडच्यांना कळवा."

ती ओळ माझी. तो नंबर माझा. कचेरीच्या कामासाठी नवं सिम घेतलं होतं, ते कोणाजवळच नव्हतं. मीच ग्रुपचा अ‍ॅडमिन, मीच तो नंबर आत घेतला. कोर्टातली नोंद मी बघितली नव्हती. प्रश्नाचं उत्तर मी मनानं करून टाकलं. काहून? काहूनचं उत्तर मी चार वर्षं शोधतोय. करुणाशी वैर नव्हतं. मला आधी कळलं, एवढीच ऐट होती. सरकारी कचेरीत बसणाऱ्या माणसाला सगळं आधी कळतं ना!

दुसऱ्या दिवशी मारेगावहून फोन आला, लग्न मोडलं. करुणाची आई आजारी पडली. आणि गुरुवारी सकाळी काका माझ्या दारात, तो नंबर ग्रुपमध्ये कोणी घेतला ते बघून. त्यांनी त्या नंबरवर फोन लावला होता. तो माझ्या टेबलावर वाजला, काका पायरीवर उभे. मी फोनकडे बघतोय, ते माझ्याकडे.

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तू पाह्यलं का, विजय?"

"नाही."

"कोणाले इचारलं?"

"नाही."

"मंग चाल. चप्पल घाल."

एसटीनं आम्ही महागावला गेलो. रफिकभाईंच्या घरी बसलो. काकांनी फोनमधला फोटो पुढे केला. रफिकभाई आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. आत गेले आणि भिंतीवरची फ्रेम काढून आणली. कोरोनात काम केलेल्या लोकांचा ग्रामपंचायतीत सत्कार झाला होता. अकरा जण ओळीनं उभे. अकराही जणांच्या गळ्यात हार! कोणीतरी मधले दोनच कापून घेतले होते. रफिकभाई म्हणाले, "चाचा, हार तो सबके गले में था. बाजू में सरपंच बी खडा है. उससे बी मेरी शादी लगा देते ना!" मला हसू आलं नाही. आतून त्यांच्या बायकोच्या रडण्याचा आवाज येत होता. तिच्यापर्यंतही माझी ओळ पोचली होती.

काकांनी ती फ्रेम मागून घेतली, दुपट्ट्यात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी मारेगावला घेऊन गेले. मुलाच्या वडिलांच्या मांडीवर ठेवली. लग्न जुळलं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, कौतुकानं सांगता तुम्ही. पण महागावहून परतताना एसटीत काका मला काय म्हणाले ते माहीत नाही. म्हणाले, "येत्या रविवारी तिसरी सूचना आहे. हरकत इचारून मी थांबीन. तवा उभा राह्य आणि सांग, ते मी लिवलं होतं." मी म्हणालो, "काका, तुम्हीच सांगून टाका ना." ते म्हणाले, "तुह्यी साक्ष मी कशी देऊ? ते तुलेच द्या लागते."

मी हो म्हणालो. शब्द दिला.

तो रविवार आठवा. काकांनी सूचना वाचली, चष्मा काढला, थांबले. तुम्हाला वाटलं नेहमीसारखे थांबले. ते माझ्यासाठी थांबले होते. पंखा कुरकुरत होता. माझी बायको शेजारी, सगळं गाव भोवती. मी बुटांच्या नाड्यांकडे बघत बसलो. त्यांनी चष्मा लावला आणि पुढची घोषणा वाचली.

त्याच उपासनेत थोड्याच वेळापूर्वी आपण सगळ्यांनी मिळून पापाची कबुली म्हटली होती. आम्ही चुकलो, आम्हाला क्षमा कर. माझा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. "आम्ही" म्हणायला काही लागत नाही हो. "मी" म्हणताना पाय उचलत नाहीत.

आता ज्यासाठी काकांनी मला उभं केलं, ते. फोटो कोणी टाकला, यावर आपण काय ठरवलं? सुलभामावशीनं टाकला. का, तर तिच्या भाचीसाठी त्याच मुलाचं बोलणं आधी चाललं होतं. बस, एवढं पुरलं. नंबर कोणाचा हे कोणी विचारलं नाही. काका दोनदा सभेत उभे राहून म्हणाले, "सुलभाबाई नाही. मले माहीत आहे." आपण विचारलं, मग कोण? काका गप्प. आपण म्हणालो, म्हातारा पांघरूण घालून राह्यला. मीही म्हणालो! माझ्या या तोंडानं म्हणालो. मावशीनं इथे यायचं सोडलं. ज्या बाईनं या हॉलचे पडदे शिवले, ती चार वर्षं घरीच प्रार्थना करते.

एकदा मी काकांवरच चिडलो. म्हणालो, "मग सांगा ना माझं नाव, मोकळं करा तिला." ते म्हणाले, "रोज वाटते सांगून टाकावं. पण मंग तू पकडलेला होशील, सांगणारा होणार नाहीस. आणि तिकडं ती बाई जळून राह्यली. माह्यं चुकून राह्यलं का, हे मले बी कळत नाही." त्यांना कळत नव्हतं, हे त्यांनी मला सांगितलं. मला तर सगळं कळत होतं.

मागच्या महिन्यात दवाखान्यात गेलो. नळ्या लावलेल्या. मी मोसंबी ठेवली. त्यांनी माझा हात धरला, आणि अंगठ्यानं तळवा दाबून बघितला, कापूस बघायचे तसा. म्हणाले, "तो रविवार संपला नाही रे अजून. मी थांबलोच आहे." मी पुन्हा हो म्हणालो. पुन्हा शब्द दिला. पुन्हा काही केलं नाही, आणि ते गेले.

करुणा, तुझ्यावरची ती ओळ मी लिहिली. रफिकभाई, तुमच्या घरात रडं मी आणलं. सुलभामावशी, तू मागे दाराशी उभी आहेस, मी आल्याआल्याच बघितलं. तू काकांसाठी आलीस. तू काहीच केलं नव्हतंस. फोटो मी टाकला, आणि तुझ्यावर आळ आला तेव्हा मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. एवढंही सांगतो. तू क्षमा करावी असं म्हणायचा मला हक्क नाही. पण या मंडळीनं तुझ्याकडे जावं, एकेकानं, आपापल्या पायांनी. हात घालून न बघता आपण सगळ्यांनी तुझी प्रत ठरवली.

आता पाळकसाहेब सांगतील तसं दोन मिनिटं शांत उभं राहू. काका थांबायचे ना, तसे थांबू. मनात कोणाला काही सांगायचं असेल तर तेवढ्यात सांगू.

तुम्ही उभे राहा. मी उभा आहे, काका. उशिरा उभा राहिलो. सलाम घ्या.